विश्लेषण : लेकरू तोतरे बोलू लागले, तर थांबायचे किती आणि दाखवायचे कुठे?

जूनच्या मध्यात मराठवाड्यातल्या शाळा उघडतात आणि वर्गात पहिले काम होते ते हजेरीचे. चाळीस मुले दोन-तीन मिनिटांत ‘हजर’ म्हणून मोकळी होतात. तोतरे बोलणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष मात्र आपल्या नावाआधी आता किती नावे उरली, याकडे असते. नाव येते, ‘ह’ घशातच अडकतो, मागच्या रांगेत खसखस पिकते आणि तोवर गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असतात.

अशा मुलाच्या घरी आजी, शेजारी, कधी कधी गावातले डॉक्टरही एकच सांगतात, ‘मोठं झालं की जाईल.’ हा सल्ला बहुतेक मुलांच्या बाबतीत खरा ठरतो, हीच त्यातली मोठी अडचण आहे. ज्यांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही, त्यांची उपचाराची सर्वांत चांगली वर्षे वाट पाहण्यात निघून जातात. हिंगोली जिल्ह्यातल्या आई-वडिलांनी थांबायचे कधी आणि हालचाल करायची कधी, त्याविषयी…

तोतरेपणा नेमका कशाला म्हणायचे?

आपल्याकडे बोबडे आणि तोतरे हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. दोन्ही वेगळे आहेत. ‘रस’ला ‘लस’ आणि ‘साखर’ला ‘ताखल’ म्हणणारे मूल बोबडे बोलते. त्याला तो उच्चार अजून जमलेला नसतो. तोतरे बोलणाऱ्या मुलाला उच्चार जमतो, शब्द माहीत असतो, काय म्हणायचे तेही डोक्यात पक्के असते. फक्त शब्द वेळेवर बाहेर पडत नाही. हे तीन प्रकारे दिसते. पहिल्या अक्षराची पुनरावृत्ती होते, ‘म-म-म-मला’. किंवा अक्षर लांबते, ‘सऽऽऽर’. किंवा तोंड उघडे, ओठ ताणलेले आणि आवाजच नाही. तिसरा प्रकार ऐकू येत नाही म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो. मूल उत्तर द्यायला टाळते आहे, असे त्यांना वाटते.

बोलायला शिकणारे प्रत्येक मूल थोडेफार अडखळते. ‘मला मला… ते ते लाल वालं पाहिजे’ असे अख्खे शब्द दोनदा येणे, मध्येच ‘अं’ म्हणून थांबणे, वाक्य सोडून दुसरे सुरू करणे यात काळजीचे काही नाही. एकच अक्षर तीन-चार वेळा येऊ लागले, बोलताना डोळे मिचकावणे, मान झटकणे, पाय आपटणे सुरू झाले, तर ते साधे अडखळणे राहिलेले नाही. आवाज बाहेर काढण्यासाठी मूल जोर लावू लागले आहे, याची ही खूण.

थोडी मोठी झालेली मुले आणखी एक गोष्ट करतात. ती शब्द बदलतात. किराणा दुकानात ‘पारले’वर अडकते म्हणून मूल नुसते ‘बिस्कीट’ म्हणते आणि नको असलेला पुडा घेऊन घरी येते. वर्गात उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणते, कारण ते दोन शब्द सुटतात आणि उत्तर सुटत नाही. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. म्हणूनच पाहुण्यांचा सर्वांत साधा प्रश्न, ‘नाव काय रे तुझं?’, या मुलांना सर्वांत अवघड जातो. स्वतःचे नाव सांगता आले नाही म्हणून त्याच्या बुद्धीवर शंका घेतली जाते. तोतरेपणाचा बुद्धीशी काही संबंध नाही.

किती मुलांना होतो आणि आपोआप जातो का?

जगभरच्या अभ्यासांत साधारण शंभरातली पाच मुले लहानपणी केव्हा तरी तोतरी बोलतात. काही अभ्यासांत हे प्रमाण आठपर्यंत जाते. सुरुवात बहुतेक वेळा वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षात होते, म्हणजे मूल दोन-दोन शब्द जोडणे सोडून लांब वाक्ये बोलू लागते तेव्हा. यातली चारपैकी तीन, किंवा त्याहून थोडी अधिक मुले पुढच्या काही वर्षांत सुरळीत बोलू लागतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एक इतके उरते. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. शंभरात एक हा हिशेब तिला लावला, तर जिल्ह्यात अकरा-बारा हजार माणसे तोतरे बोलणारी निघतात. तरीही गावागावांत ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ असेच ऐकू येते, कारण ही माणसे चारचौघांत फारशी बोलतच नाहीत.

कोणाचा तोतरेपणा जाईल आणि कोणाचा राहील, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. काही खुणा मात्र आहेत. मुलींचा जाण्याची शक्यता जास्त. म्हणूनच लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यातला फरक कमी दिसतो आणि मोठेपणी एका स्त्रीमागे चार पुरुष असे प्रमाण होते. घरात वडील, काका, मामा अशा कोणाचा तोतरेपणा मोठेपणीही राहिला असेल, तर मुलाचाही राहण्याची शक्यता वाढते. सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, सहा महिने ते वर्ष उलटूनही तो कमी होत नसेल, उच्चार किंवा भाषाही मागे असेल, तर ‘जाईल आपोआप’ यावर विसंबू नये. आणि मूल स्वतःच चिडू लागले, बोलता बोलता रडून ‘जाऊ दे’ म्हणू लागले, तर सहा महिनेही थांबण्याची गरज नाही.

कुत्रे भुंकले म्हणून झाले का?

तोतरेपणा अनेक मुलांत एक-दोन दिवसांत अचानक सुरू होतो. काल चांगले बोलणारे लेकरू आज अडखळते आहे, हे पाहून घरचे मागे वळून कारण शोधतात आणि कारण हमखास सापडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दर आठवड्याला काही ना काही घडतच असते. कुत्रे अंगावर आले, पाळण्यातून पडले, ताप आला, धाकटे भावंड झाले, यात्रेत हरवले, दृष्ट लागली. ज्या मुलांना कुत्रे अंगावर आले आणि जी पुढेही नीट बोलत राहिली, त्यांची मोजदाद कोणी करत नाही. भीतीमुळे किंवा दडपणामुळे आधीच असलेला तोतरेपणा त्या वेळी वाढतो, हे खरे. भीतीने तो तयार होतो, याला आधार नाही.

मेंदूच्या तपासण्यांतून दिसते ते वेगळे आहे. बोलणे हे शरीराचे अत्यंत वेगवान काम. श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांना सेकंदाच्या छोट्या अंशात एकामागून एक हुकूम जावे लागतात. तोतरे बोलणाऱ्यांच्या मेंदूत, विशेषतः डाव्या बाजूला, ऐकणे आणि बोलण्याच्या हालचाली यांना जोडणाऱ्या तंतूंची घडण किंचित वेगळी आढळते आणि हुकुमांची वेळ चुकते. हा फरक लहान मुलांतही दिसला आहे.

ही घडण बरीचशी वारशाने येते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील तोतरेपणा असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून काही जनुकांतले बदल दाखवून दिले. २०२५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. त्यात तोतरेपणाशी जोडलेली ५७ ठिकाणे जनुकसंचात सापडली. एकाच जनुकाचा हा खेळ नाही, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

जिल्ह्यातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी आणि शाळेत मराठी चालते. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांत घरात दख्खनी उर्दू आणि बाहेर मराठी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. दोन भाषांमुळे मूल गोंधळते आणि तोतरे होते, म्हणून घरची बोली बंद करा, असा सल्ला अशा घरांना मिळतो. दोन भाषा बोलल्याने तोतरेपणा येतो, असा ठोस पुरावा नाही. घरची बोली तोडली, तर ज्या भाषेत मूल आजीशी मोकळेपणाने बोलते, तीच त्याच्याकडून जाते.

वेखंड, अक्कलकाढा आणि जिभेखालची शीर

बाळाच्या जिभेवर वेखंड आणि मध चाटवणे, अक्कलकाढा चघळायला देणे, गोट्या किंवा सुपारी तोंडात ठेवून बोलायला लावणे, ताईत बांधणे. मराठवाड्यातल्या घरांत यातले काही ना काही होऊन गेलेले असते, आणि प्रत्येक उपायाच्या मागे कोणी तरी बरा झालेला भाचा किंवा पुतण्या असतोच. त्याचा हिशेब सोपा आहे. आपोआप बरी होणारी मुलेच चारात तीन असतील, तर शंभर मुलांना कोणतीही वनस्पती चघळायला द्या, पंचाहत्तर बरी झालेली दिसतील. श्रेय वनस्पतीला जाते. उरलेली पंचवीस मुले ‘गुण आला नाही’ म्हणून दुसऱ्या वैद्याकडे जातात आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. तोंडात गोटी, खडा किंवा सुपारी घालून लहान मुलाला बोलायला लावणे तर सरळ धोक्याचे आहे. ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

जिभेखालची शीर कापून घेण्याचा सल्लाही अजून दिला जातो. जीभ खाली जखडलेली असेल, तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण तोतरेपणा त्यामुळे होत नाही. वैद्यकानेही हा रस्ता एकदा तुडवून पाहिला आहे. बर्लिनचे नामांकित शल्यचिकित्सक डिफेनबाख यांनी १८४१ मध्ये तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेवर शस्त्रक्रिया केल्या, तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. त्या लवकरच सोडून द्याव्या लागल्या. अडचण जिभेत नव्हतीच.

दोष आईचा?

या बाबतीत विज्ञानाने आयांवर मोठा अन्याय केला आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे बोलणारे संशोधक. मुलाचे साधे अडखळणे आई-वडील ‘तोतरेपणा’ म्हणून हेरतात, टोकतात आणि त्यातूनच तो तयार होतो, असे त्यांचे मत होते. ते तपासण्यासाठी १९३९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने एका अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुझं बोलणं बिघडतंय’ असे महिनोन्महिने सांगण्यात आले. ती मुले खऱ्या अर्थाने तोतरी झाली नाहीत, पण बुजली. काहींनी बोलणेच कमी केले. विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने त्यांतल्या हयात असलेल्यांना व इतरांच्या वारसांना भरपाई दिली. जॉन्सन यांचे मत मात्र दरम्यान अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिले आणि ‘आईने टोकले म्हणून’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीपासून चुलीपर्यंत पोहोचले.

आई-वडिलांच्या वागण्यामुळे तोतरेपणा येत नाही. टोकण्याने, रागावण्याने मूल बोलायला घाबरते, हे मात्र त्या प्रयोगाने नको तितके सिद्ध केले.

गाताना येते, मग बोलताना का नाही?

तोतरे बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हा प्रश्न रागाने विचारला गेलेला असतो. नर्सी नामदेवच्या दिंडीत हे लेकरू टाळ घेऊन अभंग म्हणते, एकही अक्षर अडकत नाही. परिपाठात सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा खणखणीत म्हणते. पाच मिनिटांनी गुरुजींनी एकट्याला उभे करून सुविचार विचारला की पहिल्याच शब्दाला गाडी थांबते. घरी वासराशी, कुत्र्याच्या पिलाशी, झोपलेल्या बहिणीशी बोलताना पुन्हा सुरळीत. पाहणाऱ्याला वाटते, पोरगे नाटक करते आहे.

हे नाटक नव्हे, तोतरेपणाचा स्वभावच असा आहे. गाण्यात ताल बाहेरून मिळतो. कोणते अक्षर केव्हा सोडायचे, हे मेंदूला स्वतः ठरवावे लागत नाही. अनेकांबरोबर एका सुरात बोलतानाही तसेच होते. दुसऱ्याचा आवाज कानावर पडत राहतो आणि त्याच्या आधाराने आपला शब्द वेळेवर सुटतो. एका सुरात बोलण्याचा हा परिणाम इतका भरवशाचा आहे की तो जगात सगळीकडे, सगळ्या भाषांत दिसतो. जनावराशी बोलताना उत्तराची, हसण्याची, घाईची धास्ती नसते. उलट फोनवर, अनोळखी माणसासमोर, रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहताना अडखळणे वाढते. दिवसादिवसांतही फरक पडतो. सलग दोन आठवडे मूल छान बोलते, घरचे नारळ फोडतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे परत येते. त्या दिवशी मुलाने काही बिघडवलेले नसते.

घरात काय करता येते?

‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर, मग बोल’, ‘नीट सांग बरं पुन्हा’. प्रेमाने दिलेल्या या सूचनांनी फायदा होत नाही. मुलाला एवढेच कळते की, त्याने काय सांगितले यापेक्षा ते कसे सांगितले, याकडे सगळ्यांचे लक्ष आहे. त्याऐवजी मोठ्यांनी स्वतः सावकाश बोलावे. मुलाचे वाक्य संपल्यावर एक-दोन क्षण थांबून मग उत्तर द्यावे. मुलाला ‘सावकाश’ असे शब्दात सांगावे लागत नाही, घरात घाई नाही हे त्याला जाणवते. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात घरातल्या मोठ्यांची बोलण्याची पद्धत बदलणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे.

शब्द अडकला की तो पुरा करून द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळावा. नजर मुलाकडे ठेवावी, हातातला मोबाइल बाजूला ठेवावा आणि शब्द येईपर्यंत थांबावे. ‘तू सांग, मी ऐकतेय’ एवढे पुरते. एकामागून एक प्रश्नांचा मारा करण्यापेक्षा, ‘शाळेत काय झालं? कोण आलं होतं? डबा का नाही संपवला?’, आपण काही तरी सांगावे आणि मुलाला वाटले तर त्याने बोलावे. एकत्र कुटुंबात जेवताना चार जण एकदम बोलतात आणि अडखळणाऱ्याची पाळी येतच नाही. एका वेळी एकाने बोलायचे, हा नियम सगळ्या लेकरांना सारखा लावावा, म्हणजे एकालाच वेगळे काढल्यासारखे होत नाही.

लंडनमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या मायकेल पेलिन केंद्राच्या पद्धतीत आई किंवा वडिलांनी मुलाबरोबर आठवड्यातून काही वेळा फक्त पाच मिनिटे घालवायची असतात. खेळ मुलाने निवडायचा, वेग मुलाचा आणि त्या वेळात दुसरे काही काम नाही. हळद काढणी आणि शिजवणीच्या धांदलीतही पाच मिनिटे निघू शकतात. ती वडिलांनी काढली, तर जास्त बरे. तोतरेपणा हा ‘आईने बघायचा विषय’ असतो, ही समजूतही त्या निमित्ताने थोडी हलते.

तोतरेपणाविषयी मुलासमोर बोलूच नये, हा सल्ला जुना झाला. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपला शब्द अडकतो, हे कळत असते. घरात सगळे गप्प राहिले, तर ही लपवायची, लाजेची गोष्ट आहे, असा अर्थ ते काढते. ‘आज शब्द अडकत होते ना? होतं असं कधी कधी. मला ऐकायची घाई नाही’ असे सहज म्हणावे. पाहुण्यांसमोर गोष्ट सांगायला, कविता म्हणायला उभे मात्र करू नये. आणि मूल स्वतःहून उठले, तर बसवूही नये.

उपचार आहे का?

तोतरेपणा घालवणारे औषध नाही. उपचार बोलण्याचा असतो, तो स्पीच थेरपिस्ट करतात आणि शाळेआधीच्या वयात त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. या वयासाठी सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत ‘लिडकोम्ब’ या नावाने ओळखली जाते. लिडकोम्ब हे सिडनीचे एक उपनगर. १९८०च्या दशकात तिथे ती विकसित झाली. यात उपचार करणारे खरे तर आई-वडीलच असतात. थेरपिस्ट त्यांना आठवड्यातून एकदा शिकवतात आणि आई-वडील रोज घरी थोडा वेळ मुलाशी ठरावीक पद्धतीने बोलतात. सुरळीत बोलण्याचे मनापासून कौतुक करायचे, अडखळण्याचा उल्लेख क्वचित आणि अगदी सहज करायचा आणि त्या दिवसाच्या बोलण्याला अंक देऊन वहीत लिहायचा. थेरपिस्टच्या देखरेखीशिवाय हे आपल्या मनाने करू नये. कौतुकाचे प्रमाण बिघडले, तर ते टोकण्यासारखेच होते.

दुसऱ्या पद्धती मुलाच्या बोलण्याला हातच लावत नाहीत. त्या घरातला वेग, प्रश्न, अपेक्षा कमी करतात. नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर या दोन्ही वाटांची तुलना झाली. अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाने एका गटातली ७६ टक्के आणि दुसऱ्या गटातली ७१ टक्के मुले तोतरेपणातून बाहेर आली होती. संशोधकांच्या मते हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. म्हणजे पद्धत कोणती, यावर अडून बसण्यापेक्षा वेळेवर सुरुवात होणे आणि घरचे त्यात उतरणे महत्त्वाचे. हिंगोलीसाठी आणखी कामाची गोष्ट अशी, की लिडकोम्ब पद्धत व्हिडिओ कॉलवरून दिली, तरी समोरासमोर दिल्यापेक्षा कमी पडत नाही, असे ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले आहे.

सात-आठ वर्षांनंतर उपचाराचे उद्दिष्ट बदलते. मग अडखळणे पूर्ण जावे याचा हट्ट कमी होतो. अडकल्यावर जोर न लावता शब्द सोडवणे, भीती आणि टाळाटाळ कमी करणे याला महत्त्व येते. ‘सात दिवसांत तोतरेपणा बंद, खात्रीशीर’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. चार दिवस तालावर, एका सुरात बोलायला लावले, तर कोणीही सुरळीत बोलते. कारण वर आलेच आहे. गावी परतल्यावर महिन्याभरात ते टिकत नाही आणि पैसे गेलेले असतात.

हिंगोलीतून जायचे कुठे?

पहिला दरवाजा गावातच आहे. तोतरेपणा सुरू होण्याचे वय म्हणजे नेमके अंगणवाडीचे वय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये देशासाठी सुरू झाला, तो आपल्याच राज्यात, पालघरमधून. त्यानुसार फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांत ही तपासणी होते. ऐकण्याचा दोष आणि भाषेतला विलंब त्यांच्या यादीत आहेत; तोतरेपणाचे वेगळे नाव नाही. त्यामुळे आई-वडिलांनी किंवा अंगणवाडी सेविकेने स्वतःहून सांगितले नाही, तर तो नजरेतून सुटतो. ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल तर पथक येते त्या दिवशी गावातच नसते.

पथकापुढची आणखी एक अडचण या दोषाच्या स्वभावातच आहे. तपासणीच्या दिवशी मूल नेमके छान बोलते किंवा अजिबातच बोलत नाही. यावर हातातला मोबाइल हा चांगला उपाय आहे. मूल खेळताना, घरच्यांशी बोलताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. एक बऱ्या दिवसाचा, एक अडखळण्याच्या दिवसाचा. ‘अडखळून दाखव’ म्हणून काढू नये आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. दर महिन्याला असा एक व्हिडिओ असेल, तर अडखळणे वाढते आहे की कमी होते आहे, हे थेरपिस्टला दहा प्रश्न न विचारता दिसते.

पथकाने पुढे पाठवलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे आणि तिथे श्रवण व वाचा तज्ज्ञ असावेत, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. सेनगाव किंवा औंढ्याच्या पुढच्या गावातून दिवसाची मजुरी बुडवून येण्याआधी जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांचा वार विचारून घ्यावा. श्रवण तपासणीही त्याच फेरीत करून घ्यावी. पुढची मोठी ठिकाणे लांब आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण ती हिंगोलीहून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. दर आठवड्याला जाणे कोणालाच शक्य नाही. एकदा प्रत्यक्ष तपासणी आणि पुढचे व्हिडिओ कॉलवर, असे जमते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. मैसूरूच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत, जी १९६५ पासून या क्षेत्रातली देशातली प्रमुख संस्था आहे, दूरस्थ उपचारांची सोय आहे. खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते पाहावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल अनेक पालक विचारतात. २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे; पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेले रुग्ण आणि मेंदूच्या इजेने वाचा गेलेले रुग्ण डोळ्यासमोर ठेवून, कायमस्वरूपी दोषासाठी केलेली आहे. तोतरेपणाचे नाव त्यात नाही. प्रमाणपत्राच्या आशेवर उपचार लांबवू नयेत.

शाळेचे काय?

घरात मिळालेला दिलासा शाळेच्या पहिल्या तासाला संपतो, अशी बहुतेक मुलांची अवस्था असते. आणि शाळेतले एक मोजमाप या मुलांच्या विरोधातच जाते. निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य आहे. वाचन तपासण्यासाठी ते योग्यच. पण तोतरे बोलणारे मूल मनात अस्खलित वाचते आणि घड्याळ लावले की ‘पावसाळा’च्या ‘पा’वर आठ सेकंद घालवते. नोंद होते, ‘वाचन कच्चे’. मग त्याला कच्च्या मुलांच्या गटात अधिक मोठ्याने वाचायला बसवले जाते. अशा मुलाला उतारा मनात वाचू देऊन त्यावर प्रश्न विचारले, तर खरी पातळी दोन मिनिटांत कळते. शिक्षकांनी एवढे केले, तरी पुष्कळ.

हजेरीला हात वर केला, तर चालेल, असे ठरवता येते. प्रकट वाचन जोडीने घेतले, तर एका सुरात बोलण्याचा फायदा मिळतो आणि वर्गात कोणालाच त्यात वेगळे वाटत नाही. रांगेने विचारत गेल्यास शेवटच्या बाकावरचे मूल वीस मिनिटे धास्तीत काढते. त्याला सुरुवातीलाच विचारलेले बरे. तोंडी कामातून पूर्ण सूट देण्याचा मोह मात्र टाळावा. सूट मिळालेले मूल दहावीला पोहोचते, तेव्हा भाषा विषयांत ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन समोर असते आणि चार वाक्ये उभे राहून बोलण्याची त्याला सवयच उरलेली नसते. काय जमेल, काय नको, हे त्या मुलालाच एकांतात विचारावे. मधल्या सुट्टीतल्या चिडवण्याचा बंदोबस्त शिक्षकांनीच करायचा असतो. ‘तू लक्ष देऊ नको’ हे सांगणे त्याच्यावरच काम ढकलणे आहे.

चिडवण्यासाठी लागणारा मसाला आपला सिनेमा पुरवतो, हेही मान्य करायला हवे. अडखळणारे पात्र एक तर हसवायला असते किंवा भीती दाखवायला. १९९३च्या ‘डर’मधल्या माथेफिरूची नक्कल तीस वर्षांनंतरही शाळांच्या पटांगणात चालते. त्याच हिंदी सिनेमातला हृतिक रोशन लहानपणापासून तोतरे बोलत होता आणि तोंडी परीक्षेच्या भीतीने शाळा टाळत असे, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. वर्गात ही गोष्ट सांगितली, तर मुले नक्कीच ऐकतात.

तोतरेपणा मोठेपणी राहिलाच, तर?

शंभरातल्या एकाचा तो राहतो, आणि चांगले उपचार होऊनही राहू शकतो. घरचे मग मुलीच्या लग्नाची आणि मुलाच्या नोकरीची काळजी करू लागतात. मोंढ्यात भाव बोलायचा, बँकेत खात्याचे नाव सांगायचे, मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला स्वतःचे नाव सांगायचे. हे सगळे अडखळत करता येते आणि अनेक जण करतात. ‘मला बोलायला जरा वेळ लागतो’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगून टाकले की लपवण्याचा ताण जातो आणि अडखळणेही पुष्कळदा कमी होते. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही तोतरे बोलणाऱ्यांनीच चालवलेली संस्था असून तिचे स्वमदत गट मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन भेटतात. गावात आपल्यासारखे दुसरे कोणीच न भेटलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या पडद्यावर पहिल्यांदा आठ-दहा जण अडखळत, हसत, पूर्ण वाक्य बोलताना दिसतात, आणि कोणीही कोणाचा शब्द पुरा करत नाही. दरवर्षी २२ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन असतो. त्या दिवशी यातल्या पुष्कळशा बैठका सर्वांसाठी खुल्या असतात.